पाण्यानं सोडवलेली गाठ

माझ्या पोटातलं ऑपरेशन मी आजवर पाच वेळा पाहिलंय. पहिल्यांदा डॉक्टरांच्या खोलीत, जखमा दाखवायला गेले होते तेव्हा, आणि मग घरी, पेनड्राइव्हवर. एकदा नवऱ्याला शेजारी बसवलं होतं. चौथ्या मिनिटाला 'आलोच' म्हणून उठला तो व्हिडिओ संपल्यावरच परत आला. ४७ मिनिटांचा व्हिडिओ आहे. त्यातली साधारण दहा मिनिटं मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघते. त्या दहा मिनिटांत कात्री जेमतेम एकदा दिसते. बाकी सगळा खेळ पाण्याचा.

आधी गाठीबद्दल सांगते. मी तेव्हा ३१ वर्षांची. उजव्या बाजूला ओटीपोटात अधूनमधून जड वाटायचं, पाळीच्या आसपास जरा जास्त. तसं काय सगळ्यांनाच होतं, म्हणून वर्षभर ढकललं. मग एका सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकले आणि अशी कळ आली की तशीच जमिनीवर बसले. घाम फुटला, उलटी झाली. अर्ध्या तासात सगळं ओसरलं आणि मी चक्क कामावर गेले. नंतर कळलं की अंडाशयाला बहुधा पीळ पडू पाहत होता आणि तो आपला आपण सुटला. पूर्ण पडला असता तर रक्तपुरवठा तुटतो, आणि मग धावपळीचं ऑपरेशन. त्या दिवशी मी खुर्चीत बसून मेलना उत्तरं देत होते हे आठवलं की अजून स्वतःचाच राग येतो.

सोनोग्राफीत उजव्या अंडाशयात गाठ निघाली. ७.२ गुणिले ६.१ गुणिले ५.८ सेंटिमीटर. प्रकार डर्मॉइड. हे प्रकरण मुळातच विचित्र आहे. अंडाशयातली एखादी बीजपेशी, फलन वगैरे काही झालेलं नसताना, आपल्या मनानं शरीराचे तुकडे बनवायला लागते. त्वचा, केस, तेलग्रंथी, कधी कधी दातसुद्धा. त्वचेची बाहेरची बाजू गाठीच्या आत असते, त्यामुळे तिचं तेल आणि गळलेले केस जाणार कुठं? वर्षानुवर्षं आतच साठत राहतात. बहुतेक डर्मॉइड निरुपद्रवी असतात, कर्करोगाच्या नसतात, पण गोळ्यांनी त्या विरघळतही नाहीत. माझ्या रक्ताच्या तपासण्या ठीक आल्या. एमआरआयमध्ये गाठीत चरबी स्पष्ट दिसली आणि निदान पक्कं झालं.

पहिल्या डॉक्टरांनी रिपोर्ट उलटसुलट केला आणि म्हणाले, "ओव्हरीसकट काढून टाकू. एक असली तरी काम भागतं." हे सांगायला त्यांना दोन मिनिटंही लागली नाहीत. काम भागतं हे खरंही आहे. एका अंडाशयावर पाळी नीट चालते, मुलंही होतात. पाळी थांबलेल्या बाईत किंवा गाठीबद्दल शंका असेल तर अंडाशयासकट काढणं हेच शहाणपणाचं असतं, हेही मला पुढे कळलं. पण मी ३१ ची, मूल अजून व्हायचं होतं, आणि डर्मॉइड काही जणींना दोन्ही बाजूंना होतो. उद्या डावीकडे झाला तर? हा प्रश्न मी विचारला. उत्तर आलं, "तेव्हाचं तेव्हा बघू." मी फाइल घेतली आणि निघाले.

दुसऱ्या डॉक्टर माझ्या आईच्या वयाच्या. त्यांनी रिपोर्ट वाचला आणि मला विचारलं, "तुम्हाला काय वाचवायचंय?" मग औषधांच्या कागदाच्या पाठीवर एक मोठं वर्तुळ काढलं आणि त्याच्या बाहेरून, अगदी चिकटून, दुसरी रेघ. आतलं वर्तुळ म्हणजे गाठीची भिंत. बाहेरची रेघ म्हणजे अंडाशय. "गाठ वाढते तसं अंडाशय तिच्यावर ताणलं जातं. फुगवलेल्या फुग्याच्या रबरासारखं पातळ होतं. आणि तुमची सगळी बीजं या पातळ थरात आहेत." त्यांनी पेनाचं टोक दोन रेघांमधल्या फटीवर टेकवलं. कागदावर ती फट केसाएवढीच होती. "मला या दोघांच्या मध्ये शिरायचंय. इकडे घसरले तर गाठ फुटते, तिकडे घसरले तर तुमची बीजं गाठीबरोबर बाहेर येतात."

मी विचारलं, "एवढ्याशा जागेत कात्री कशी घालणार?"

"कात्री नाही. आधी पाणी घालते."

याला त्या हायड्रोडिसेक्शन म्हणाल्या. लांब सुईनं अंडाशयाच्या पातळ थराखाली सलाईन सोडायचं. दोन थरांमधली जागा सगळ्यात सैल असते, त्यामुळे पाणी तिथंच पसरतं आणि थर एकमेकांपासून उचलले जातात. मग त्या फुगलेल्या जागी छोटा छेद द्यायचा, पुन्हा पाणी, आणि गाठ सालीसारखी सोडवत जायची. मी विचारलं, साधं पाणी का नाही? त्या हसल्या. साधं पाणी पेशींमध्ये घुसतं आणि त्या फुगून फुटतात. सलाईनमध्ये एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, ते रक्ताशी मिळतंजुळतं, त्यामुळे पेशींना त्याचा त्रास होत नाही.

"ही जादू नाही हं," हेही त्यांनी लगेच सांगितलं. "गाठ फुटण्याची शक्यता राहतेच. डर्मॉइडच्या भिंती चिवट असतात, तरी फुटतात. पण वाट दिसायला लागली की हात घाईनं चालत नाही."

त्या पाण्यात एक औषध मिसळायचं की नाही यावर वेगळी चर्चा झाली. व्हॅसोप्रेसिन. रक्तवाहिन्या आवळणारं औषध, अगदी पातळ करून टोचतात. त्यानं ती जागा पांढरी पडते आणि रक्त कमी येतं. रक्त कमी आलं की ते थांबवायला विजेचे चटके कमी द्यावे लागतात, आणि मुख्य फायदा तोच, कारण चटका रक्तवाहिनीपुरता राहत नाही, शेजारच्या बीजांनाही भाजतो. चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्तानं भरलेली अंडाशयातली गाठ, तिच्या ऑपरेशनांत हे तपासलंय, टोचल्यावर चटके कमी लागतात असं दिसलंय. पण औषध हृदयावर परिणाम करू शकतं, म्हणून ते सरसकट देत नाहीत. "त्याचा निर्णय मी एकटी घेत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "भूलतज्ज्ञांना भेटा."

भूलतज्ज्ञ हे फार कमी बोलणारे गृहस्थ. ईसीजी पाहिला, रक्तदाब मोजला, हृदयाचं काही, अर्धशिशी, घरात कुणाला काही, सगळं विचारलं. मग म्हणाले, "त्यांच्यासाठी ते औषध सोयीचं, माझ्यासाठी डोकेदुखीचं. टोचलं की कधी कधी नाडी एकदम मंदावते, रक्तदाब उसळतो. तुम्हाला चालेल. पण टोचण्याआधी मला मोठ्यानं सांगायचं, ही माझी अट असते." माणूस बरा वाटला. आपल्या शरीरात कोण काय सोडतंय यावरून दोन डॉक्टर एकमेकांना अटी घालतात हे ऐकून मला उलट धीर आला.

संमतीपत्रक मात्र मी तीनदा वाचलं. त्यात एक ओळ होती: गरज पडल्यास उजवं अंडाशय काढण्यास माझी संमती आहे. मी पेन खाली ठेवलं. एवढं सगळं बोलून शेवटी हेच? डॉक्टरांना विचारलं तर म्हणाल्या, रक्तस्राव थांबलाच नाही तर मी तुम्हाला उठवून विचारू शकत नाही. सही केली. सही नेहमीपेक्षा वेडीवाकडी आली.

आदल्या रात्री झोप कसली येते. नको तेवढं वाचत बसले. अंडाशयातली गाठ पोट उघडून काढण्याचं पहिलं नोंदलेलं यशस्वी ऑपरेशन १८०९ च्या डिसेंबरमधलं, अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं. डॉक्टर एफ्राइम मॅकडॉवेल, पेशंट जेन टॉड क्रॉफर्ड. भूल तेव्हा नव्हती. शोधच लागायचा होता. बाई घोड्यावर बसून, पोटातलं ओझं सांभाळत, काही दिवसांचा प्रवास करून आली. जवळजवळ दहा किलोची गाठ, २५ मिनिटांत काढली. ती पुढे १८४२ पर्यंत जगली. पाचव्या दिवशी ती उठून स्वतःचं अंथरूण आवरत होती असं लिहिलेलं आहे. रात्री साडेअकराला मला, उद्या कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालतील या विचारानं, रडू येत होतं, आणि इथं ही बाई. मोबाइल उलटा ठेवला आणि झोपले.

ऑपरेशनच्या दिवसाबद्दल माझ्याकडे फारसं सांगण्यासारखं नाही, कारण मी त्याला हजर नव्हते. सहा तास आधीपासून खाणं बंद, दोन तास आधीपर्यंत पाण्याचे घोट चालतील असं सांगितलं होतं. नखांवरचा रंग काढायला लावला, कारण बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावतात. बेंबी साफ करणाऱ्या सिस्टरनी इतकं मन लावून काम केलं की मला हसू आलं. थिएटर गार होतं. मास्क लावला, "मोठा श्वास घ्या" म्हणाले. दुसरा श्वास आठवतो.

जाग आली ती घशाच्या खवखवीनं. भूल देताना घशात नळी असते, तिची ती आठवण. मग कुणीतरी गालावर टिचकी मारून नाव विचारलं. मी नाव सांगायच्या ऐवजी विचारलं, "आहे का?" सिस्टरना काही कळलं नाही. डॉक्टर पायथ्याशी होत्या. म्हणाल्या, "आहे, आहे. झोपा."

पुढच्या दोन दिवसांत मला सगळ्यात जास्त काय दुखलं असेल तर उजवा खांदा. पोटाच्या तीन भोकांचं काही नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट कार्बन डायऑक्साइडनं फुगवतात. त्यातला थोडा वायू मागे राहतो, वर सरकून छातीखालच्या पडद्याला चिडवतो, आणि त्या पडद्याची नस खांद्याच्या नसांशी जोडलेली असल्यामुळे मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. उठून चालायला लागलं की कमी होतं. झोपून राहिलेल्या बाईला हे पटवणं अवघड, पण खरं आहे.

दुसरी गोष्ट मला कुणीच आधी सांगितली नव्हती, आणि सांगायला हवी होती. पहिल्या रात्री डाव्या बाजूच्या भोकावरची पट्टी भिजली. पट्टीच काय, गाऊन, चादर, सगळं. गुलाबीसर पाणी. मला वाटलं आतून काहीतरी फुटलं. बेल दाबून दाबून सिस्टरना बोलावलं. त्या आल्या, पाहिलं, नवी पट्टी लावत म्हणाल्या, "ऑपरेशनचं पाणी आहे हो ते. आत धुतलंय ना, उरलेलं बाहेर येतंय." शिवाय कूस बदलली की पोटातून डुबुक असा आवाज यायचा. नवऱ्याला ऐकवला. त्यानं कान लावून ऐकला आणि गंभीरपणे मान डोलावली. ते पाणी शरीर एक-दोन दिवसांत शोषून घेतं. आमच्या पोटातला डुबुक तिसऱ्या दिवशी थांबला.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "बघायचंय?" आणि पडदा माझ्याकडे फिरवला.

आधी यकृताची तपकिरी कड, मग आतड्यांची गर्दी वर सरकवलेली, मग गर्भाशय, गुलाबी, मुठीपेक्षाही लहान. डावं अंडाशय हस्तिदंती रंगाचं, जरा सुरकुतलेलं, आपल्या जागी शांत बसलेलं. उजवीकडे मात्र एक भलामोठा चकचकीत गोळा, निळसर पांढरा, वर लाल शिरांची बारीक जाळी. "हे सगळं वरचं तुमचं अंडाशय आहे," डॉक्टर म्हणाल्या. मला ते अंडाशय वाटेना. गोळ्यावर चढवलेला रंग वाटला.

पोटाच्या भिंतीतून एक लांब सुई आली. टोक गोळ्यावर टेकलं, आत गेलं. काहीच झालं नाही. मग सुईच्या कडेनं एक पिवळा थेंब वर आला आणि दिव्यात चमकला.

"इथं माझं चुकलं," डॉक्टर सहज म्हणाल्या. "सुई एक धागाभर खोल गेली. गाठीतच शिरली. थर इतका पातळ असतो की हाताला कळत नाही. पाणी दाबलं आणि वरचा थर उचललाच नाही, तेव्हा कळलं." त्यांनी लगेच सक्शन लावून तो थेंब ओढला होता, सुई मागे घेतली होती, आणि दोन सेंटिमीटर बाजूला, जवळजवळ आडवी धरून, पुन्हा टोचली होती. आपल्या चुकीचा व्हिडिओ पेशंटला दाखवणारी डॉक्टर मी आधी पाहिली नव्हती. माझा त्यांच्यावरचा विश्वास त्या पिवळ्या थेंबाशी वाढला.

दुसऱ्या वेळी मात्र बरोबर बसलं. सुईच्या टोकाभोवती एक फोड उठला. छोटासा, गांधीलमाशी चावल्यावर येतो तसा. मग तो पसरायला लागला. फोडाची कड हळूहळू पुढे सरकत होती आणि तिच्या मागे लाल जाळी पुसली जात होती. आधी एकेक शीर फिकी, मग दिसेनाशी, मग सगळी जागा दुधासारखी पांढरी. पाण्याच्या दाबानं थर उचलला जात होता आणि औषधानं शिरा आवळल्या जात होत्या, दोन्ही एकाच वेळी. नंतर मी ऑपरेशनची नोंद वाचली: १०० मिलीलिटर सलाईनमध्ये २० युनिट व्हॅसोप्रेसिन, त्यातलं १५ मिली वापरलं. म्हणजे औषध अवघं तीन युनिट. भूलतज्ज्ञांना मोठ्यानं सांगितलं असणारच. व्हिडिओला आवाज नाही.

मला एकदम लहानपणची पोस्टाची तिकिटं आठवली. मी आणि भाऊ पाकिटांवरची तिकिटं जमवायचो. तो घाईचा, नखानं कोपरा उचलून ओढायचा आणि तिकीट अर्धं फाटायचं. मी पाकिटाचा तुकडा कापून बशीत पाण्यावर सोडून द्यायची. थोड्या वेळानं तिकीट आपणहून सरकायला लागायचं. बोटानं फक्त ढकलायचं. पडद्यावर तेच चाललं होतं, फक्त तिकिटाच्या जागी माझं अंडाशय होतं.

त्यानंतर कात्री आली. वीज न लावलेली, साधी. फुगलेल्या भागावर जेमतेम दोन सेंटिमीटरचा छेद. त्यातून थोडं पाणी बाहेर वाहिलं आणि आत एक वेगळाच रंग डोकावला, मोत्यासारखा. ती गाठीची भिंत. मग एक जाडसर नळी आली, तिच्यातून पाणी सोडताही येतं आणि ओढताही. तिचं तोंड त्या चिरेत घालून डॉक्टरांनी पाणी सोडलं, आणि मोत्याचा रंग आणि पांढरा रंग एकमेकांपासून दूर व्हायला लागले. दोघांमध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे ताणले जात होते. दोन चिमटे, एक अंडाशयाची कड धरून, एक गाठीची भिंत धरून, विरुद्ध दिशेला ओढत होते. अडलं की थांबायचं, पाणी सोडायचं, पुन्हा ओढायचं. कुठे जोर नाही. हीच ती दहा मिनिटं.

पाण्याचं सगळीकडे चालतं असं मात्र नाही. अंडाशयाच्या मुळाशी, जिथून रक्तवाहिन्या आत शिरतात, तिथं धागे जाड झाले आणि पाणी नुसतं परत वाहून येऊ लागलं. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं, "इथं पाण्याला वाट नाही. इथं ओढलं असतं तर रक्त आलं असतं आणि मग मी घाबरून चटके देत सुटले असते." तिथं त्यांनी दोन ठिकाणी बारीक चटका दिला, कात्रीनं कापलं, आणि गाठ सुटली. अख्खी. त्या पहिल्या टोचणीच्या भोकाला एका चिमट्यानं धरून ठेवलं होतं, तरी अधूनमधून पिवळा थेंब डोकावत होताच.

गाठ प्लास्टिकच्या पिशवीत घातली, पिशवीचं तोंड बेंबीच्या भोकातून बाहेर काढलं, आणि मग पिशवीतच गाठ फोडून रिकामी केली. आधी लोण्यासारखं पिवळं, आणि त्यामागून केसांचा गुंता. काळे, लांब, ओले. माझेच केस, म्हणजे माझ्या डोक्यावर कधीही न आलेले. हा भाग मला बघवला नाही असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे तो मी सगळ्यात टक लावून पाहिला. दात मात्र निघाला नाही, याचं थोडं वाईट वाटलं.

रिकामं झालेलं अंडाशय सुरकुतलेल्या पिशवीसारखं पडलं होतं. आत दोन बारीक टाके घालून कडा जवळ आणल्या. मग धुणं सुरू झालं. चार लिटर सलाईन, तेही कोमट. कारण ते पिवळं तेल शरीराच्या उष्णतेला पातळ असतं आणि गार झालं की घट्ट होऊन चिकटतं. ते पोटात राहिलं तर आतलं आवरण भाजल्यासारखं सुजू शकतं. क्वचित होतं, पण होतं, म्हणून डाग न ठेवता धुवायचं. धुतलेल्या पाण्यावर सुरुवातीला तेलाचे गोल तरंगत होते. शेवटी पाणी स्वच्छ झालं.

आणि मग शेवटची गोष्ट. डॉक्टरांनी ओटीपोटात पाणी भरलं आणि पोटातला वायूचा दाब कमी केला. अंडाशय पाण्याखाली गेलं. मी विचारलं, आता काय? "थांबा." काही सेकंद काहीच नाही. मग कडेच्या एका बिंदूतून लाल धागा निघाला आणि पाण्यात सरळ वर गेला, अगरबत्तीच्या धुरासारखा. वायूचा दाब असतो तोवर बारीक रक्तवाहिन्या दबलेल्या असतात आणि सगळं थांबल्यासारखं दिसतं. दाब काढला की खरं कळतं, आणि पाण्याखाली तर नेमकं कुठून येतंय तेही कळतं. त्या एका बिंदूला टोकानं स्पर्श केला. धागा तुटला. दोन मिनिटं कॅमेरा तसाच रोखलेला. दुसरा धागा आला नाही.

माझ्या एका मैत्रिणीला चॉकलेट सिस्ट आहे, तिला मी उत्साहानं हे सगळं फोनवर सांगितलं. मग तिच्यासाठी म्हणून डॉक्टरांना विचारलं, आणि बरं झालं विचारलं. तिची गोष्ट वेगळी. हे नाव सॅम्पसन नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं १९२१ मध्ये वापरलं, आतल्या जुन्या, घट्ट, तपकिरी रक्तामुळे. डर्मॉइडला स्वतःची पिशवी असते. चॉकलेट सिस्टची भिंत बऱ्याच अंशी अंडाशयाच्याच आत वळलेल्या थराची असते, भरलेल्या जखमेच्या वणासारखी घट्ट चिकटलेली. त्यामुळे मधली फट सगळीकडे सापडत नाही. पाणी टोचतात तिथंही, उपयोगही होतो, पण काढलेल्या भिंतीबरोबर थोडं अंडाशय येण्याची शक्यता डर्मॉइडपेक्षा जास्त. म्हणून अशा ऑपरेशनाआधी एएमएच ही रक्ताची तपासणी करून घ्या, बीजांचा साठा साधारण किती आहे त्याचा अंदाज येतो, असं त्यांनी तिच्यासाठी सांगितलं. मैत्रिणीला मी हे सगळं पुन्हा फोन करून सांगितलं. आधीचा माझा उत्साह तिला जास्त आवडला होता, हे आवाजावरून कळलं.

माझंही एएमएच आधी केलं होतं. ३.४. तीन महिन्यांनी २.६. मी आकडा बघून खचले. डॉक्टर म्हणाल्या, ऑपरेशननंतर अंडाशय काही काळ दमलेलं असतं, पुन्हा बघू. सहा महिन्यांनी २.९ आलं. पूर्ण भरून आलं नाही, पण वर सरकलं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये त्वचा, केसांची मुळं, तेलग्रंथी, थोडी चरबी, थायरॉइडच्या पेशींचा एक छोटा तुकडा असं सगळं लिहिलं होतं. संशयास्पद काही नाही. आणि एक ओळ जी मी पिवळ्या पेननं रंगवून ठेवलीय: भिंतीला लागून अंडाशयाची ऊती आढळली नाही.

सहा महिन्यांच्या सोनोग्राफीला नवीन डॉक्टर होते, तरुण. प्रोब फिरवत मोजमापं सिस्टरना सांगत होते. डावं इतकं, उजवं इतकं. उजव्यात पाच-सहा बारीक फॉलिकल, म्हणजे बीज ज्यात वाढतं त्या पिशव्या, आणि एक १७ मिलिमीटरचं, म्हणजे त्या महिन्याचं बीज त्या बाजूनं सुटायच्या बेतात होतं. मग ते थांबले, पडद्यावर जरा वाकले आणि विचारलं, "ऑपरेशन कोणत्या बाजूचं म्हणालात?"

"उजव्या."

त्यांनी प्रोब तसाच धरून डाव्या हातानं फाइल जवळ ओढली आणि उघडून वाचायला लागले.